मोठ्या पडद्याचा कॅमेरा

आमच्या सलूनमध्ये दोन खुर्च्या. एकीच्या मागे दादा, दुसरीच्या मागे मी आणि समोर भिंतभर एकच आरसा. दिवसभर आम्ही दोघं भाऊ एकमेकांशी बोलायचो ते त्या आरशातून. मान वळवून बोलायला गेलं तर गिऱ्हाइकाचा कान जायचा.

आणि बोलणं तरी कसलं, नुसते उद्योग. गिऱ्हाईक डोळे मिटून बसलं की दादा आरशातून माझ्याकडे बघत हुबेहूब त्याच्यासारखं तोंड करायचा. घोरणारा वकील, बायकोशी भांडून आलेला मास्तर, सगळे. चेहऱ्यात हाडं होती का नुसतं रबर, कोण जाणे. मला हसू फुटायचं, वस्तरा वर धरून मी तसाच हलत राहायचो. गिऱ्हाईक एक डोळा उघडून विचारायचं, "काय झालं रे?"

"काही नाही साहेब, आधीचं गिऱ्हाईक आठवलं."

तोवर दादा साधूसारखा उभा. फक्त तोंडाचा एक कोपरा वर गेलेला. त्याचं हसू तेवढंच, एका बाजूचं. दुसरी बाजू कायम ड्युटीवर.

त्याच हसऱ्या बाजूला आत जखम झाली. आधी आम्ही म्हटलं दात लागला असेल. मग मलम झालं, गुळण्या झाल्या, शेवटी मोठं हॉस्पिटल झालं. डॉक्टरांनी सांगितलं, त्या बाजूचा खालचा जबडा काढावा लागेल. जिवाला बहुतेक धोका नाही, पण चेहरा पहिल्यासारखा राहणार नाही.

दादानं विचारलं, "डॉक्टर, मग दाढी अर्धीच करायची. पैसे अर्धे का?"

डॉक्टर हसले नाहीत. मी हसलो, मोठ्यांदा. मग बाहेर येऊन स्कूटरला किल्ली लावायला गेलो तर भोक सापडेना.

दुसऱ्या दिवशी दुकानात फेस करता करता दादा आरशात बघून म्हणाला, "धाकट्या, माझा धड एक फोटो नाही कुठं."

खरंच नव्हता. लग्नातल्या फोटोत मिशा होत्या आणि त्या मिशांच्या मागे काठीसारखा कोणी मुलगा होता. ओळखपत्रावर तर तो पोलीस शोधतायत असा दिसायचा.

"स्टुडिओत जाऊ," मी म्हटलं.

"नको. ते खांदे सरळ करा म्हणतात, हनुवटी खाली घ्या म्हणतात. हनुवटीचं काय करायचं ते सांगायला एक डॉक्टर आहे तेवढा पुरे." त्यानं ब्रश पाण्यात बुडवला. "मला माझं रोजचं तोंड पाहिजे. उद्या आरशात भलताच माणूस दिसायला लागला, तर आधी इथं कोण राहत होतं, ते बघायला तरी."

तेव्हा आमच्या खिशातल्या फोनांना कॅमेरे नव्हते. पण डिजिटल कॅमेरे दुकानात दिसायला लागले होते. रोल नको, धुवायला टाकायला नको, फोटो लगेच दिसतो, नाही आवडला तर पुसता येतो. ते 'पुसता येतो' दादाला फार आवडलं. आमचा धंदाच तो, नको ते काढून टाकायचं. नवी खुर्ची घ्यायला डब्यात थोडे पैसे टाकत होतो, तो डबा घेऊन दुकानाला कुलूप लावलं आणि निघालो.

कॅमेरेवाला हडकुळा माणूस, चष्मा कपाळावर. मी त्याला पहिलाच प्रश्न टाकला, "ह्याच्यात टकल्याला केस येतात का? आमचा केसांचा धंदा आहे, आधीच विचारून घेतो."

"केस येत नाहीत. पण डोळे लाल आले तर ते जातात."

"मग ह्याला कशाला, आमच्या शेजाऱ्याला विका. त्याचे सकाळपासून लाल असतात."

तोही हसला. म्हटलं चला, भाव कमी करेल. त्यानं एकेक कॅमेरा काढून काचेवर मांडला. ह्याचा झूम जास्त, ह्याचा फोटो मोठा निघतो, हा पाण्यात पडला तरी चालतो. दादा म्हणाला, "पाण्यात मीच पडत नाही, तो कशाला पडेल? आमच्या डब्यात बसणारे तेवढे दाखवा."

डब्यात बसणारे तीन-चार निघाले. पहिल्यावर त्यानं दादाचा फोटो काढला आणि पडदा पुढे केला. दादानं बघितलं, मी बघितलं.

"हा कोण?" दादा म्हणाला.

"तुम्हीच की काका."

"हा मी? माझं नाक इकडं आहे?"

मलाही पटेना. माणूस दादासारखाच, पण दादा नव्हे. दादाचा सख्खा भाऊ मी, पण हा कोणी तिसराच भाऊ वाटत होता. हसू भलत्याच बाजूला चढलेलं, भुवईवरचा तीळ भलतीकडे. दुसरा कॅमेरा लावला, तेच. तिसरा लावला, तेच. वरच्या फळीवरचा महागडाही त्यानं इरेला पडून लावला, त्यातही तोच परका माणूस.

"तुमच्याकडे सगळा वाकडा माल आहे," मी म्हटलं.

"अहो, कॅमेरा आहे तसंच काढतो!"

"मग आम्ही काय रोज बघत नाही ह्याला? वर्षानुवर्षं ह्याचं तोंड बघून धंदा करतोय मी."

तो हात जोडायचाच बाकी राहिला. शेवटी दोन कॅमेऱ्यांवर आलो. एकाचा पडदा टिकलीएवढा, पण बरोबर कार्ड होतं, त्यात शेकड्यांनी फोटो मावणार. दुसऱ्याचा पडदा ऐसपैस, पण कार्ड वेगळं विकत घ्यावं लागणार. कॅमेऱ्याच्या स्वतःच्या पोटात डझनभर फोटोंचीच जागा.

"कार्डवाला घ्या," दुकानदार म्हणाला. "पडदा काय, घडीभर बघायचा. फोटो राहिले पाहिजेत."

"टिकलीएवढ्या पडद्यात मी काय, एकेक नाकपुडी बघत बसू?" दादा म्हणाला. "मोठा द्या. एक धड फोटो आला की झालं. डझन तोंडं घेऊन काय करू?"

मीही म्हटलं, मोठा. दिवसभर भिंतभर आरशात बघणारी माणसं आम्ही, आम्हाला टिकलीत कसं दिसणार?

घरी गेल्यावर कॅमेरा वहिनीनं ताब्यात घेतला. वहिनी शाळेच्या ऑफिसात काम करते, मशीनला घाबरत नाही. दादा खिडकीत वाटाणे सोलत बसला की काढ फोटो, चप्पल शोधत असला की काढ. "इकडं बघा," म्हणायची आणि हा बघायचा. अधूनमधून मी कॅमेरा दुकानात आणायचो आणि गिऱ्हाईक नसलं की आम्ही दोघं बघत बसायचो. दादा एकेक बघून मान हलवायचा. हा मी नाही. हा पण मी नाही. मलाही ते फोटो जरा येडपटच वाटायचे. त्यात तो मऊ पडलेला दिसायचा, उन्हात ठेवलेल्या साबणासारखा. असा दादा मी कधी बघितला नव्हता. आणि वर ते नाक उलटीकडे.

हॉस्पिटलात भरती व्हायच्या आदल्या दिवशी दुपारी दुकान जवळजवळ रिकामं होतं. एकच गिऱ्हाईक होतं, तेही दादाच्या खुर्चीत दाढीला बसल्या बसल्या झोपलेलं. मी बाजूनं उभा राहून एक फोटो काढला. पडद्यावर बघतो तर दोन दादा. एक अलीकडे, वाकून दाढी करणारा, तो परका. आणि मागच्या आरशात दुसरा.

"दादा, हे बघ!"

त्यानं वस्तरा बाजूला ठेवला, हात पुसले, पडदा नाकाशी धरला आणि आरशातल्या माणसावर बोट टेकवलं. "हा बघ! हा मी! धाकट्या, सापडलो की रे!"

मग आमच्या टाळक्यात उजेड पडला. आरशात डावं-उजवं उलटं दिसतं. मी ज्याला 'दादा' म्हणत होतो तो आरशातला, आणि तो ज्याला 'मी' म्हणत होता तोही आरशातला. बिचाऱ्या कॅमेरेवाल्याला उगाच शिव्या घातल्या. आम्ही इतके हसलो की गिऱ्हाईक दचकून उठलं आणि आधी कान चाचपून बघितला.

मग कामाला लागलो. तो आपल्या खुर्चीमागे, मी माझ्या खुर्चीमागे, कॅमेरा आरशाकडे. पहिल्या फोटोत फ्लॅशचा नुसता पांढरा गोळा. फ्लॅश बंद केला. दुसरा हलला. तिसऱ्याला कॅमेरा म्हणाला, जागा नाही.

"पूस मग," दादा म्हणाला. "ते परके सगळे पूस."

"वहिनीनं काढलेत ते."

"ती काढेल परत. आण इकडे." आणि त्यानं स्वतःच अंगठा लावला. वाटाणेवाला गेला, चप्पलवाला गेला, चहाचा कप धरलेला गेला. मानेवरचे कापलेले केस झटकावेत तसे झटकले. मग तो आरशात माझ्याकडे बघून उभा राहिला. मी झोपाळू गिऱ्हाइकाचं तोंड केलं, त्याच्या तोंडाचा कोपरा वर गेला आणि मी बटण दाबलं. आला. अगदी तोच आला. तसे बरेच काढले. वहिनीला परत काढायला वेळच राहिला नाही. रात्री सामान भरण्यात गेली, पहाटे रिक्षा आली.

ऑपरेशन बरं झालं, असं डॉक्टर म्हणाले. त्यांच्या भाषेत बरं म्हणजे काय, ते पट्ट्या निघाल्यावर आम्हाला दिसलं. एक बाजू आत ओढली गेलेली. बोलणं कळायचं नाही, म्हणून त्यानं बोलणंच सोडलं. घरी आल्यावर आतल्या खोलीतला छोटा आरसा त्यानं भिंतीकडे तोंड करून ठेवला आणि गळ्यातला टॉवेल नाकापर्यंत ओढून घेतला. वहिनी बोलायला लागली की तो भिंतीकडे वळायचा. भरवायला मला बोलवायचा, तिला नाही.

मी म्हटलं, निदान फोटो तरी तिच्या हातात ठेवू. त्यातला सगळ्यात भारी निवडला, मोठा करून घेतला, पुठ्ठ्यावर चिकटवला आणि घेऊन गेलो. वहिनी ओट्याशी त्याची पातळ पेज ढवळत होती. हात पुसून तिनं फोटो घेतला.

"हे कोण, भाऊजी?"

मला वाटलं थट्टा करतेय. "तुमचा नवरा. विसरलात एवढ्यात?"

"ह्यांचा तीळ ह्या बाजूला नाही. आणि नाक…" तिनं मान तिरकी करून बघितलं. "मी काढलेले कुठंयत?"

मी खूप बोललो. आरसा सांगितला, परकी माणसं सांगितली, कॅमेऱ्याचं छोटं पोट सांगितलं, झोपलेलं गिऱ्हाईकसुद्धा सांगितलं, म्हटलं हसेल. ती पळी धरून ऐकत होती.

"म्हणजे पुसले," ती म्हणाली.

"दादानंच…"

"मी कुठं तुम्हाला काही म्हणतेय."

मी तसाच उठलो आणि स्टुडिओत गेलो. तिथला पोरगेलासा माणूस म्हणाला, सोपं आहे, उलटा करून देतो. कॉम्प्युटरवर एक बटण दाबलं आणि दादा फिरला. नाक तिकडे, तीळ इकडे. माझ्यासाठी परका झाला, म्हणजे तिचा झाला असणार. नाचतच परत आलो. म्हटलं, "घ्या वहिनी, आता ओरिजिनल माल!"

ह्या वेळी तिनं बराच वेळ बघितलं. बोटानं भुवई पुसल्यासारखी केली.

"हो," ती म्हणाली. "आता हेच आहेत." आणि फोटो माझ्याकडे परत दिला.

"ठेवा की. तुमच्यासाठीच आणलाय."

"ह्यात ते तुमच्याकडे बघतायत, भाऊजी. हे बघणं तुमचं आहे. माझ्याकडे असं नाही बघत ते." तिनं गॅस बंद केला. "माझ्याकडे बघताना कसे दिसायचे ते मी रोज बघायचे, म्हणून कधी नीट बघितलंच नाही. फोटोत बघेन म्हटलं होतं."

 मी पुठ्ठा धरून उभा राहिलो. तो मऊ पडलेला येडपट माणूस मला आठवायला लागला. आठवत होता, पण तो मी कुणाला काढून कसा देणार?

वहिनीनं फडताळावरचा कॅमेरा घेतला आणि आतल्या खोलीत गेली. मी दारात थांबलो. दादा पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसला होता, टॉवेल नाकापर्यंत.

"इकडं बघा," ती म्हणाली.

त्यानं मान हलवली. नाही.

"तोंड नकोय मला. टॉवेल राहू दे. फक्त इकडं बघा."

तो हलला नाही. तिनं त्याच्या पायाशी स्टूल ओढलं आणि कॅमेरा डोळ्यासमोर धरून बसली. बराच वेळ काही दाबलं नाही की आमचा तो स्वस्तातला कॅमेरा आपोआप झोपतो. घर्र करून भिंगाची नळी आत गेली, पडदा काळा झाला. दादाची पाठ तशीच.

तिनं अंगठ्यानं बटण दाबलं. घर्र करून नळी बाहेर आली. ती तशीच बसून राहिली.

पेज गार होत होती. मी ओट्याकडे वळलो. मागून परत नळी आत गेल्याचा आवाज आला, मग बाहेर आल्याचा.