दहा तोंडांखालची मान

या मित्रांनो, पुढे सरका. माळ्याखाली बसा आणि माना वर करा. तुमच्या माना कोवळ्या आहेत, सहज वर होतात. आजच्या गोष्टीत एक मान आहे, ती वळेना. तिची हकिगत सांगतो. मागे भिंतीला टेकून बसलेल्या मोठ्यांनीही ऐकावं, नुसतं कानावर घेऊ नये.

मी एक जुना मुखवटा आहे. साधासुधा नव्हे, बोहाड्यातला रावण. आमच्या मोखाड्याकडे बोहाडा म्हणजे देवीचा उत्सव. त्यात देवदैत्यांचे मुखवटे चढवून माणसं सांबळाच्या तालावर नाचत येतात. बाकीचे मुखवटे एकेका तोंडाचे. बिचारे! मला दहा तोंडं. मधलं मोठं, डावीकडे चार, उजवीकडे पाच. म्हणून मी जरा उजवीकडे कलतो. राजानं थोडं कलावंच.

नवसू सुताराच्या बापाने मला सागाच्या ओंडक्यातून कोरलं. मी ज्याच्या माळ्यावर राहतो, त्या पंढरीच्या आज्याने आधी मला नाचवलं, मग बापाने, आता पंढरी नाचवतो. लोक हात जोडत, पोरं आयांच्या पदरात तोंड लपवत. माझं वजन किती, हे कुणी विचारलं नाही. देवळाचा कळस कुणी तोलून पाहतं का?

एक गोष्ट मात्र खटकते. पंढरीचं घर मारुतीच्या देवळाला लागून आहे. दर सप्ताहात भोंग्यातून कीर्तन येतं आणि येईल तो बुवा माझाच गर्व उतरवतो. लंका जळते, मंडळी हसतात, मी माळ्यावर धूळ खात ऐकतो. गळा गोड असला की ऐकतच राहतो, खोटं कशाला बोलू! पण इतक्या बुवांना जमलं नाही ते एका पोरीने कसं केलं, ते ऐका.

यंदा बोहाड्याला दीड महिना असताना पंढरीची मान धरली. पन्नाशीचा गडी, पावसाळ्यात भात-नाचणी, नंतर मिळेल तिथे मजुरी. मान उजवीकडे वळेना. तेव्हा त्याचा चुलतभाऊ गोरख धावून आला. हा गोरख मुंबईत चार वर्षं राहून दुसरं काही न शिकता परत आलेला माणूस.

"दादा, तिकडं न्हाव्याकडं रोज पाहिलाय मी. एक झटका, खलास!"

त्याने डोकं धरून कडकन पिळलं. पंढरी ओरडला. दुसऱ्या दिवसापासून उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या आल्या, चहाचा कप हातात ठरेना. गोरख काय म्हणाला असेल?

"नाय जमत तं सांग. यंदा रावण मी नाचवतो."

ज्याला स्वतःचं एक तोंड सांभाळता येत नाही, तो माझी दहा सांभाळणार! पण हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती. आमच्याकडे सोंग एका घरातून दुसऱ्या घरात गेलं की परत येत नाही. पंढरीच्या घरात दुसरं काय होतं? दोन खोल्या, चार कोंबड्या आणि मी.

त्याची बायको बुधी म्हणाली, "उद्या मोखाड्याचा बाजार. दवाखान्यात ती व्यायामवाली डॉक्टरीण बसते. चला."

"व्यायाम? जन्मभर काय केला मंग मी?"

"चला म्हणते ना!"

या घरची एक रीत आहे. बोहाड्याआधी मुखवट्याला हळद लागली की त्याला घरात एकटा ठेवायचा नाही. हळद लागून दोन दिवस झाले होते आणि दोघंही निघाले. म्हणून लंकेचा राजा तांदळाच्या गोणीत बसून, बुधीच्या मांडीवरून, वडाप जीपने मोखाड्याला गेला. शेजारच्या बाईची कोंबडी वाटभर माझ्या नाकावर चोच मारत होती.

दवाखान्याची ती खोली पाहून मला कीव आली. एक पलंग, एक मोठा चेंडू, दोन रबरी पट्टे, भिंतीवर हाडांच्या सापळ्याचं चित्र. त्या सापळ्याला डोकं एकच. आणि डॉक्टरीण म्हणजे निशा, जामसरच्या भातशेतकऱ्याची पोर. माझ्या एका मिशीएवढीही नव्हती.

उपचार सुरू करायचे सोडून ही प्रश्न विचारत बसली. केव्हापासून दुखतं? सकाळी जास्त की संध्याकाळी? उशी केवढी? डोक्यावर ओझं नेता का? कुणी मान मोडली का? गोरखचा झटका बुधीने सांगून टाकला. चालताना तोल जातो का? ताप येतो का? लघवी कळते ना?

पंढरी खाली बघून म्हणाला, "मानेचा तिकडं काय संबंध, बाय?"

"असला तर तुम्हाला आजच मोठ्या डॉक्टरांकडे पाठवावं लागेल, काका. म्हणून विचारलं."

"तसला काय नाय."

"बरं झालं."

मग तिने त्याला सदरा काढायला लावून मागून पाहिलं. मान कुठवर वळते ते पाहिलं. कोपरावर रबरी हातोडी आपटली. डोळे मिटायला सांगून बोटांना कापूस लावला. "कळतंय? आता?" "माझी बोटं दाबा," म्हणाली आणि त्याच्याकडून दाबून घेतली. पोरींचे भातुकलीचे खेळ! पंढरीचाही धीर सुटला.

"सुई कवा देणार?"

"सुई नाही, काका."

"गोळी?"

"लागली तर डॉक्टर देतील."

"मंग तू काय देणार?"

"काम. घरी करायचं, दिवसातून तीन वेळा."

बुधी पदर तोंडाला लावून हसली. "हे कामाला आले नव्हते, बाय!"

मग निशाने असं काही विचारलं, जे पंढरीला आजवर कुणी विचारलं नव्हतं. "मान बरी झाली की तुम्हाला काय करता यायला हवं?"

तो गोणीकडे बोट दाखवून म्हणाला, "हा डोक्यावर घेऊन नाचायचा हाय."

"काय आहे त्यात?"

"रावण."

गोणी सुटली. मला वाटलं, आता घाबरेल. तिने हळद पाहून हात जोडले, तेवढं केलं. आणि मग, मित्रांनो, तिने मला वजनकाट्यावर ठेवलं! सोळा किलो. बुधीच्या तोंडून "आई गं!" निघालं. माझी तोंडं ज्या लांब फळीत आहेत, तिच्या मधोमध खालून हात धरून निशाने मला तोलून पाहिलं. मी उजवीकडे गेलो.

"काका, मान सुधारेल. पण पेशंट दोन आहेत. याचं वजन उतरायला हवं."

रामाने माझी डोकी उडवली, पण ती रणांगणात, मानाने. हिने मला पेशंट म्हटलं.

निघताना तिने दोनच गोष्टी शिकवल्या. एक, ताठ बसून हनुवटी सरळ मागे घ्यायची, पाच मोजायचे, सोडायची, दहा वेळा. दोन, खांदे मागे ओढून धरायचे. पहिले दोन दिवस थोडं दुखेल, घाबरायचं नाही. मुंग्या वाढल्या किंवा हातातला जोर गेला तर बाजाराची वाट न बघता यायचं. "आणि मान कुणाच्या हातात द्यायची नाही. भाऊ असला तरी."

घरी गोरख ओट्यावरच बसला होता. पंढरीला हनुवटी मागे घेताना पाहून म्हणाला, "यासाठी मोखाड्याला गेला? मान तं आपला बैल फुकट हलवतो!"

"बैलाची मान दुखत नाय," बुधी म्हणाली, "कारण त्याला तुझ्यासारखा भाऊ नाय."

मलाही पंढरीची लाजच वाटली. हनुवटी आत, हनुवटी बाहेर, चुलीशी बसलेली बुधी मोजते आहे, "सहा... सात... फसवू नका, सातच झाले!" त्यापेक्षा वाईट म्हणजे नवसू पटाशी घेऊन आला. त्याने मला पालथा घालून आतून पोखरलं. टोपलीभर भुसा निघाला. उजवीकडचं पाचवं तोंड उचलून मधल्या डोक्यावर बसवलं. बापाने घडवलं, पोराने सोललं. उरलो नऊ किलो.

दर बाजाराला पंढरी निशाकडे जात राहिला, मीही गोणीतून. ती थोडं थोडं वाढवत गेली. चौथ्या खेपेला मुंग्या गेल्या. सहाव्या खेपेला तिने मला त्याच्या डोक्यावर ठेवून त्याला चालवलं. मग म्हणाली, "थोडं नाचायचं, मग उतरवायचं. आणि चढवताना दोन माणसं. एकट्याने उचलायचं नाही."

बोहाड्यात रावणाची पाळी आली तेव्हा फटफटायला लागलं होतं. दुसरा माणूस भावकीतलाच लागतो. गोरखशिवाय होतं कोण? त्याने माझी डावी बाजू धरली. मी त्याच्याकडे दहा तोंडांनी तुच्छतेने पाहिलं. त्याने पकड पुन्हा घट्ट केली.

"सांभाळून, दादा," तो हळू म्हणाला.

सांबळ घुमला आणि पंढरी नाचला. डावीकडे वळला, मग उजवीकडे. माझ्या ओझ्याखाली कितीतरी वर्षं त्याची मान पुरती उजवीकडे जात नव्हती, हे मला त्या क्षणी कळलं, कारण उजवीकडे मारुतीचं देऊळ आहे आणि ते मी नीट पाहिलेलंच नव्हतं. शेंदूर लावलेला तो बसला होता. त्याने डोंगर उचलला होता, पण कुणाच्या मानेवर ठेवला नव्हता. मी मात्र तीन पिढ्या एकाच घराच्या मानेवर बसलो होतो आणि त्या बसण्यालाच माझा पराक्रम समजत होतो.

निशाबद्दल माझं मत अजून तेच आहे. राजाला काट्यावर ठेवणारी पोर ती. पण मित्रांनो, कुणाची मान, कंबर, गुडघा धरला तर त्याला गोरखकडे पाठवू नका, अशा पोरीकडे पाठवा.

आणि पुढच्या बोहाड्यात मी आलो की तुम्ही माझी तोंडं मोजाल. मोजा. दहा भरतील. पण अकराव्याला विसरू नका. माझ्या लाकडाच्या आत, अंधारात, घामाने निथळत हनुवटी मागे घेऊन जो उभा असतो, त्या पंढरीची आठवण ठेवा.