देवदारावर टांगलेला धुराचा डबा

मी धुराचा डबा बोलतोय. हसू नका. पत्र्याचं अंग, डोक्यावर चोचीसारखं झाकण आणि पाठीला चामड्याचा छोटा भाता, असा मी. भाता दाबला की चोचीतून धूर. आता कित्येक हिवाळे एका देवदाराच्या झाडावर, तुटक्या फांदीच्या खुंटाला टांगलेला आहे. खाली हरणांची वाट, समोर गवताचं रान आणि रानाच्या पलीकडे विल्योचं घर. त्या घराच्या धुराड्यातून सकाळी धूर निघतो की नाही, एवढंच बघणं माझ्या हातात उरलंय. हात तरी कुठले म्हणा!

मला कुणी कापलं, कुणी ठोकलं, काही आठवत नाही. कळायला लागलं ते सायमीच्या हातात. सायमी म्हणजे विल्योची बायको. मोठ्या सरोवराच्या काठचा हा मुलूख, फिनलंडहून आलेल्या लाकूडतोड्यांच्या मुलानातवंडांची वस्ती, आणि त्यात मधमाश्या पाळणारी ती एकटीच. लोक म्हणायचे, "अगं, इथं बर्फालासुद्धा थंडी वाजते, तुझ्या माश्या कसल्या जगतात?" ती ऐकून घ्यायची आणि पेट्या मांडायची.

माझ्या पोटात ती पाइनच्या वाळक्या काड्या आणि बर्चच्या खोडावरची सुकलेली बुरशी भरायची, पेटवायची आणि हळूहळू भाता दाबत पेट्यांपाशी जायची. धुरानं माश्या शांत व्हायच्या. मग पेटीवर बोटाच्या पेरानं टकटक करून ती त्यांना घरातलं सगळं सांगायची. "विल्योची दाढ काढली बरं का. आज वेलचीचा पाव काही फुगला नाही." कुणाचं बाळंतपण, कुणाचं मरण, काही सोडायची नाही. म्हणायची, "यांना घरातलं सांगावं लागतं. परक्यासारखं वागवलं की जातात निघून." मला वाटायचं, काय ही बडबड! पण सवय झाली हो त्या आवाजाची.

विल्योचा धाकटा भाऊ तौनो जवळच्याच टेकाडावर एकटा राहायचा. लग्न केलं नव्हतं. वेड एकच, धनुष्यबाण घेऊन हरणाची वाट बघत बसायचं. बंदूकवाल्याचं सोपं असतं, तो लांबून मारतो. धनुष्यवाल्यासाठी हरणानं अगदी झाडाखाली यावं लागतं, आणि हरणाचं नाक भारी तिखट. माणसाच्या घामाचा, साबणाचा, कॉफीचा वास त्याला कुठल्या कुठून लागतो. तौनो अख्खी पानगळ मचाणावर बसून काढायचा आणि रिकाम्या हातानं भावाकडे जेवायला यायचा.

"आलं होतं गं, अगदी खाली आलं होतं," तो सांगायचा. "नेमका वारा फिरला."

"वाऱ्याला कशाला नावं ठेवतोस?" सायमी म्हणायची. "अंघोळ कर जरा. हरीण काय, बायकोसुद्धा मिळेल."

एकदा तिनं चेष्टेतच मला उचललं. "ये इकडं, माश्या शांत होतात तर हरणंही होतील," म्हणत तौनोला डोक्यापासून बुटांच्या तळव्यापर्यंत धूर दिला. काखेत दिला, टोपीत दिला. तो खोकतोय, विल्यो हसून हसून टेबलावर कोसळलाय. दुसऱ्या दिवशी तौनो तेच जाकीट घालून बसला आणि खरंच एक मोठा नर शांतपणे त्याच्या झाडाखाली येऊन उभा राहिला. या भागात घरोघरी लाकूड जळतं. हरणांना त्या धुराचं काही वाटत नाही आणि त्याच्याखाली माणसाचा वास झाकला जातो. तेव्हापासून दर पानगळीत तौनो धूर घ्यायला यायचा आणि आमच्या स्वयंपाकघरात तासभर नुसता दंगा चालायचा. माझे सुखाचे दिवस तेच.

मग सायमी आजारी पडली आणि गेली.

विल्योनं माश्यांना काही सांगितलं नाही. तो पेट्यांकडे फिरकलाच नाही. त्या हिवाळ्यात माश्या संपल्या आणि मी खोपटात एका खिळ्याला गंजत पडलो. पुढच्या पानगळीत तौनो आला, इकडेतिकडे बघितलं आणि मला जाकिटाखाली घालून घेऊन गेला. विचारलं नाही. विचारायला त्याची जीभ रेटली नसणार.

विल्योला कळलं तेव्हा तो तौनोच्या दारात येऊन उभा राहिला.

"कुणाला विचारून नेलास?"

"पडून होता रे. गंजत होता."

"गंजू दे. तिचा आहे तो."

"ती असती तर तिनं स्वतः दिला असता मला."

"ती नाहीये!" विल्यो ओरडला. "ती नाहीये आणि तुला हरणं सुचतायत. परत माझ्या अंगणात पाय ठेवू नकोस."

तौनोनं मला पुढे केलं, "घे, ने परत," म्हणाला. पण विल्यो पाठ फिरवून निघून गेला होता. दोघं रडले असते तर बरं झालं असतं. ते या माणसांना जमत नाही. पुढं कितीतरी वर्षं ते एकमेकांशी बोलले नाहीत. दुकानात समोरासमोर आले तर दोघंही मिठाच्या पुड्या वाचत उभे राहायचे.

तौनोनं नवं मचाण बांधलं ते इथं, या देवदारावर. लोकांना सांगितलं, हरणांची वाट चांगली आहे. वाट चांगली आहेच. पण मी त्याच्या शेजारी टांगलेला असायचो, मला ठाऊक आहे. उजाडलं की तो आधी वाटेकडे नव्हे, रानापलीकडच्या धुराड्याकडे बघायचा. तिकडून बर्चच्या सालीचा धूर यायचा, काळपट आणि उग्र. विल्यो चूल बर्चच्या सालीनंच पेटवतो. तौनो पेटवायचा देवदाराच्या ढलप्यांनी, त्याचा वास गोडसर. सालीचा वास आला की तौनो पुटपुटायचा, "उठला म्हातारा," आणि मग कुठं धनुष्य हातात घ्यायचा.

अशीच एक सकाळ. दाट धुकं, पलीकडचं काही दिसत नव्हतं. तौनोनं मला पेटवलं, अंगाला धूर घेतला आणि जवळच्या खुंटाला मला धुमसत ठेवलं. त्या दिवशी ढलप्या ओल्या होत्या, म्हणून त्यानं माझ्या पोटात बर्चची साल कोंबली होती. त्यानं नाक वर केलं, वास घेतला आणि म्हणाला, "उठला म्हातारा."

अरे, तो मी होतो! माझाच धूर हुंगत होतास तू. पण मला सांगता येतं थोडंच?

थोड्या वेळानं वाटेवर म्हातारी हरिणी आली. आमच्या ओळखीची. रोज विल्योच्या धुरातून निवांत चरत जायची. त्या दिवशी थबकली. मान घराच्या दिशेला वळवली, मग झाडाकडे. सालीचा रोजचा धूर आज भलत्याच बाजूनं येत होता. पुढचा पाय जमिनीवर आपटला, पुन्हा आपटला, फुस्सकन नाकातून आवाज काढला आणि पांढरी शेपटी वर करून पळाली.

"आता हिला काय झालं?" तौनो कुजबुजला. "वारा तोच, धूर तोच."

मग त्यानं माझ्याकडे बघितलं. झाकणावर हात ठेवून माझी चोच बंद केली आणि परत वास घेतला. पुन्हा घेतला. पलीकडून काहीच येत नव्हतं. धनुष्य, बाण, मला, सगळं तिथंच टाकून तो उतरला, उतरला कसला, घसरलाच, आणि रानातून धावत सुटला. "विल्यो! ए विल्यो!" धुक्यात मला नुसत्या हाका ऐकू येत होत्या.

विल्यो वाफेच्या अंघोळीच्या खोलीच्या दारात पडला होता, मांडीचं हाड मोडून, अंगावर जळणाचा ढीग. आदल्या संध्याकाळपासून तसाच. अजून थोडा उशीर झाला असता तर संपलंच होतं. हे मला नंतर कळलं, तौनो धनुष्य न्यायला आला तेव्हा. वर चढून बसला आणि माझ्याशी बोलला, पहिल्यांदाच. "शुद्धीवर आल्यावर काय म्हणाला माहितीये? म्हणाला, अंघोळ केली नाहीस वाटतं. धुराचा वास येतोय." तौनो हसत होता आणि डोळे पुसत होता. "आता त्याच्याकडेच राहणार मी. त्याला चालता कुठं येतंय?"

मला वाटलं, आता मलाही नेईल. त्यानं खुंटावरून काढलं, हातात फिरवलं, भाता एकदा दाबला. मग परत टांगलं.

"तू राहा इथंच," तो म्हणाला. "तुला बघून त्याला परत सगळं आठवायला नको."

खूप लागलं मला ते. बोलून काय उपयोग?

तेव्हापासून मी इथं आहे. भात्याचं चामडं फाटलं, पोटात गांधीलमाश्यांनी एकदा घर केलं आणि सोडलं. बर्फ आलं की झाकण गोठतं. पण रोज सकाळी पलीकडून देवदाराच्या ढलप्यांचा गोडसर धूर यायचा. चूल तौनो पेटवतोय, म्हणजे दोघं ठीक आहेत. उन्हाळ्यात खिडकी उघडी असली की त्यांचे आवाजही यायचे. "कॉफी आहे की गटाराचं पाणी?" "मग स्वतः कर, पांगळ्या." मी इथं बसून ऐकायचो. पांगळ्या म्हणवून घ्यायलासुद्धा कुणीतरी लागतं, असं मला तेव्हा वाटायचं. हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू?

या हिवाळ्यात एका सकाळी धूर आला नाही. मी वाट बघितली. सूर्य बराच वर आला. मग आला एकदाचा, मला आनंद झाला आणि तो लगेच विरलाही. धूर काळपट होता, उग्र होता. बर्चच्या सालीचा होता.

दुपारी विल्यो दोन काठ्या टेकत बर्फातून रान ओलांडून आला. पडत, थांबत, शिव्या देत. झाडाखाली उभा राहिला. मला वाटलं, आता मला शिव्या बसणार. त्यानं हातमोजा काढला आणि देवदाराच्या खोडावर बोटाच्या पेरानं टकटक केली. सायमी करायची तशी.

"तौनो गेला," तो म्हणाला. "झोपेतच. सकाळी कॉफीला उठला नाही."

त्यानं हातमोजा परत चढवला.

"तेव्हा माश्यांना सांगितलं नाही मी, आणि त्या गेल्या. आता माश्या नाहीत, म्हणून तुला सांगतोय. तू इथं आहेस हे मला ठाऊक होतं. खिडकीतून दिसतोस. त्यानं कधी नाव काढलं नाही, मीही कधी विचारलं नाही. म्हटलं, त्याला वाईट वाटेल." त्यानं नाक पुसलं. "दोघंही गाढव आम्ही."

मला काढायला त्याचा हात पोचला नाही. काठी उंच केली, तीही पोचली नाही. मग तो परत गेला, आलेल्याच पावलांवर पाय ठेवत.

तेव्हापासून धूर बर्चचा येतो. कधी लवकर, कधी उशिरा. म्हातारी हरिणीही आता दिसत नाही. आणि मचाणावर कुणी बसत नाही, की ज्यानं बघावं, घाबरावं आणि "विल्यो" म्हणत धावत सुटावं. बघतो तो मी, आणि मला पाय नाहीत.

सायमी म्हणायची, घरातलं सांगावं लागतं. तिच्या माश्या असत्या तर मी त्यांना सांगितलं असतं. म्हणून तुम्हाला सांगतोय. या बाजूला आलात तर मला खाली काढलं नाही तरी चालेल. आधी त्या धुराड्याकडे बघा. आणि धूर दिसला तरी जा, दार वाजवा. कॉफीला नावं ठेवा त्याच्या.