एक माणूस सोडून

"मामा, आकारामचं नाव काढा. त्याशिवाय ते घ्यायचे न्हाईत."

"का? सगळ्या जगाला फुकट दिलंय की! एक आकाराम वगळला तर जगाचं काय बिघडतंय?"

भाची दानेश्वरीनं कपाळावर हात मारला. बेंगलोरची मंडळी लिनक्सची मराठी सीडी काढत होती. लिनक्स म्हणजे वापरा, बदला, वाटा म्हणणारी फुकटची संगणकप्रणाली. तिच्यात लिहिताना चुकलेले शब्द लाल करून दाखवायला त्यांना शशिधरमामांची बेचाळीस हजार शब्दांची यादी हवी होती. ग्रंथालयातली कारकुनी संपल्यापासून सात वर्षं मामा बुटांच्या खोक्यांत शब्दांच्या चिठ्ठ्या साठवत होते. आपली यादी कुणाला हवीय, यावर त्यांचा आधी विश्वासच बसला नव्हता. परवाना मात्र त्यांनी स्वतः लिहिला: 'कुणीही वापरावी, बदलावी, वाटावी, कर्त्याचे नाव काढू नये. गंगावेशीतील छापखानेवाला आकाराम याने हात लावू नये.'

कारण होतं. मामांची पहिली वही आकारामनं 'दोन दिवसांत देतो' म्हणून नेली आणि स्वतःच्या नावानं पुस्तक छापलं. मुखपृष्ठावर फेटा बांधलेला स्वतःचा फोटो.

"मुक्त म्हंजे सगळ्यांना मुक्त. माणूस बघून बंदी घातली की परवाना बाद. सोमवारी सीडी छापायला जातीया, मामा."

"बरं, नाव नको. 'फेटा बांधून फोटो काढणारे' असं घालूया?"

"मामा!"

"मग वापरू दे, पण आधी माफी मागू दे."

"तीबी अट चालत न्हाई."

रविवारी मामांनी खोकी दोनदा उघडली, दोनदा बंद केली. आकारामला अडवायचं, तर बेचाळीस हजार शब्दही त्याच्यासोबत अडकणार. संध्याकाळी त्यांनी ते वाक्य खोडलं. खोडताना "मर लेका" म्हणाले, पण ते परवान्यात आलं नाही.

वर्षभरानं दानेश्वरीचं लग्न ठरलं आणि पत्रिकेसाठी मुलाकडच्यांनी नेमका तोच छापखाना धरला. मामा मजकूर घेऊन मान खाली घालून आत शिरले.

"या शशिधरअण्णा!" काही झालंच नसल्यासारखा आकाराम गरजला. "ह्ये बघा नवीन! शब्द चुकला की आपोआप लाल करतंय. आनि फुकट! कुना देवमानसाचं हाय, वाचा की जरा. माझा चष्मा घरात ऱ्हायलाय."

मामा संगणकाच्या पडद्यावर वाकले. परवान्याखाली बारीक अक्षरात त्यांचंच नाव होतं. त्यांनी घसा खाकरला. पुन्हा खाकरला. स्वतःचं नाव मोठ्यानं उच्चारायची वेळ त्यांच्यावर फारशी कधी आलीच नव्हती.

"काय लिवलंय, अण्णा?"

मामांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं नीट पुसला आणि आकारामच्या हातात ठेवला.