तीनचा रकाना

"अहो!"

जनार्दन झोपाळ्यावरून उठले, पायांत सपाता सरकवल्या आणि खोलीच्या बंद दारापाशी आले. कडीला हात लावतात न लावतात तोच आतून ‘टुंग’ असा आवाज आला. त्यांनी हात मागे घेतला. हाक त्यांच्या बायकोची, पण ओ दिली होती भिंतीवरच्या पांढऱ्या डबीने. ते परत येऊन झोपाळ्यावर बसले. घड्याळात तीन वाजले होते.

गेले दहा दिवस हे असंच चाललं होतं.

डबी आणली सुनेने, श्रद्धाने. एकदा वेळापत्रक घालून दिलं की एसी कधी चालू, कधी मंद, कधी बंद हे ती आपलं आपण बघणार आणि वीज वाचवणार. छाणी गावातल्या त्या घरात वीज वाचवायला आजवर माणूस नव्हता असं मात्र नाही. जनार्दनांनी बत्तीस वर्षं रिफायनरीच्या कंट्रोल रूममध्ये काटे सांभाळले होते आणि निवृत्तीनंतर त्याच निष्ठेने ते घरातली बटणं सांभाळत. कुणी खोलीतून बाहेर पडलं की पंखा बंद करायला हे मागे हजर. मुलगा उत्कर्ष तर म्हणे, बाबांच्या घरात सावलीलासुद्धा अंधारात बसावं लागतं.

पण त्यांचं खरं काम दुपारचं. बायकोला, दुर्गाबाईंना, रात्री झोप अशी लागतच नसे. दुपारची दोन तासांची तेवढी हक्काची. दोनला एसी लावायचा. तीनला तो बंद करून पंखा दोनवर ठेवायचा आणि पायथ्याची मांडवीच्या बाजारातून आणलेली चादर त्यांच्या पायांवर ओढायची, कारण त्यांचे पाय लवकर गार पडत. आठ उन्हाळे हे काम त्यांनी चुकवलं नव्हतं. दुर्गाबाईंनी त्यासाठी कधी आभार मानले नाहीत, आणि मानले असते तर जनार्दनांना ते आवडलंही नसतं.

डबी भिंतीवर बसली त्या दिवशी श्रद्धा म्हणाली होती, "आई, याला नाव द्यायला लागतं. हाक मारली की ऐकतो."

"माझ्या तोंडात एकच हाक बसलीय बाई. चाळीस वर्षं."

श्रद्धाने हसत हसत तेच लिहून टाकलं. अहो. त्या दिवशी जनार्दनही हसले होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी "अहो" ऐकून ते लगबगीने खोलीत गेले. दुर्गाबाई भिंतीकडे बघत होत्या.

"तुम्हाला नाही, याला," त्या म्हणाल्या. मग भिंतीला म्हणाल्या, "जरा कमी करा हं."

हं! त्या ‘हं’ने जनार्दनांच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांच्याशी बोलताना हा ‘हं’ कोणत्या साली शेवटचा निघाला होता, ते त्यांना आठवेना. बायकांना सवत असते. पुरुषावर ती वेळ आली तर त्याला काय म्हणायचं, याची मराठीने सोयच केलेली नाही. त्या दिवसापासून त्यांनी दुपारी खोलीत जाणं सोडलं. त्याला सगळं कळतं ना, मग त्यालाच करू दे. रोज तीनला आतून "अहो" यायचं, मागोमाग ‘टुंग’, आणि जनार्दन झोपाळ्यावर बसून पायाने फरशी जोरजोरात ढकलत राहायचे.

आज रविवार होता. सकाळी शेव-उसळ खाताना श्रद्धाने फोनवरचा विजेचा आलेख त्यांच्यापुढे धरला होता.

"बाबा, बघा ने. दिवसभराची वीज कमी झालीय. पण रोज तीन ते चार हा केवढा मोठा खांब!"

जनार्दनांनी चष्मा चढवला. खांब खरंच मोठा होता. इतकी सुंदर आकृती त्यांनी बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती.

"बोललो नव्हतो?" ते म्हणाले. "भर तीनला झोपा काढतो तुमचा अहो. आमच्या प्लॅंटवर असता तर पहिल्याच दिवशी काढून फेकला असता."

"झोपत नाही बाबा तो. त्याला तीनचं काही सांगितलेलंच नाही."

"म्हणजे?"

"तो रकाना आईंनी रिकामा ठेवायला लावला. म्हणाल्या, तीनला हे येतात, त्यांचं ते करतील. चारला बंद होतो ते मी घातलंय, चुकून राहिलंच तर म्हणून." श्रद्धाने फोन खाली ठेवला. "तुम्ही जात नाही का हल्ली?"

जनार्दनांच्या वाटीतली शेव रश्शात पार मऊ पडली होती, ती ते चमच्याने उगाच दाबत बसले. दहा दिवस. दहा दिवस ती बाई चार वाजेपर्यंत गारठत पडून राहिली आणि रोज न चुकता एकदा हाक मारत राहिली.

आणि हे सगळं माहीत असूनही आज तीन वाजता ते दारापर्यंत जाऊन परत फिरले होते. कडीवरचा हात त्या ‘टुंग’ने मागे आला होता. हेवा काही खरं काय ते कळलं म्हणून लगेच उतरत नाही. शिवाय आता शरमही होती. दहा दिवसांनी आत जाऊन म्हणायचं तरी काय?

झोपाळ्याची कडी कुरकुरली, थांबली. तीन वाजून पाच मिनिटं झाली. मग जनार्दन उठले, सपाता तिथेच ठेवून अनवाणी गेले आणि दार उघडलं.

खोलीत चांगलाच गारठा होता. दुर्गाबाई भिंतीकडे तोंड करून, पाय पोटाशी घेऊन निजल्या होत्या. जनार्दनांनी एसी बंद केला. पंखा दोनवर ठेवला. पायथ्याची चादर उलगडून त्यांच्या पायांवर ओढली आणि पावलांपाशी जरा जास्तच वेळ दाबून धरली.

दुर्गाबाईंनी डोळे उघडले नाहीत.

"अहो," त्या म्हणाल्या.

भिंतीवर टुंग झालं.

"तुला नाही रे," दुर्गाबाई म्हणाल्या. "ह्यांना."