एकसारखं

तिनं फोटोची खिडकी माउसनं धरली आणि डाव्या स्क्रीनवरून उजव्या स्क्रीनवर ओढत नेली. मग परत डावीकडे आणली. पुन्हा उजवीकडे. उजव्या स्क्रीनवर, पहिली बरगडी आणि गळ्याखालचं हाड जिथं एकमेकांवरून जातात तिथं, मसुराएवढा एक फिकट डाग होता. डावीकडे आणला की तो हाडांच्या सावलीत मिसळून जाई आणि कितीही डोळे ताणले तरी सापडत नसे.

फोटो नणंदेच्या छातीचा होता, मागच्या वर्षीचा. त्याखाली तिनं स्वतःच लिहिलं होतं : विशेष काही नाही.

आज सकाळी आलेल्या नव्या फोटोत शोधाशोध करावी लागली नव्हती. त्याच जागी लिंबाएवढी सावली होती. ती दिसायला डॉक्टर असण्याचीही गरज नव्हती.

एक्स-रे वाचणं हा तिचा पेशा. इस्पितळातून फोटो घरी येत आणि पडदे ओढलेल्या खोलीत बसून ती ते वाची. गल्लीत तिला फोटोवाली डॉक्टर म्हणत. नवी माणसं कधीकधी पासपोर्टचे फोटो काढून मिळतील का, असं विचारत यायची. त्यावर घरात सगळ्यांचं हसून झालं होतं.

टेबलावरच्या दोन्ही स्क्रीन आकारानं सारख्याच. डावी जुनी, साधी, ई-मेलच्या टपालासाठी. उजवी इस्पितळानं दिलेली, इतकी बारीक ठिपक्यांची की केसाएवढी भेगही सुटू नये. फोटो वाचायचे ते फक्त उजवीवर, हा नियम तिनं स्वतःलाच घालून घेतला होता. तो पाळणं तेव्हा सोपंही होतं. फोटोची खिडकी टपालातून डावीकडे उघडली की बेढब फुगायची, निम्मी स्क्रीनबाहेर लोंबायची. ती उचलून उजवीकडे न्यावीच लागे. तिथं फोटो सुरेख मावायचा, पण अक्षरं मात्र मुंग्यांसारखी व्हायची. ती पुढं वाकून वाकून वाची आणि संध्याकाळी कपाळ धरून बसे.

हे नवऱ्याला बघवेना. त्याचं खाली चष्म्याचं दुकान. दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढं भिंगं बदलत 'हे बरं की हे?' विचारणारा माणूस. स्वतःच्याच बायकोनं डोळे बारीक करून काम करावं, याची त्याला लाज वाटायची. एका सुट्टीच्या दिवशी तो तिच्या खुर्चीत ठाण मांडून बसला. उजव्या स्क्रीनवरचं सगळं दुप्पट केलं, फोटोच्या खिडकीचं माप नव्यानं बसवलं, आणि दर बदलाला विचारत राहिला,

"हे बरं की हे?"

"आता बरंय."

"मग हे बघ." त्यानं खिडकी इकडून तिकडं नेली. ती फुगली नाही की आक्रसली नाही. "दोन्हीकडं एकसारखं करून टाकलं. आता मान मोडायला नको."

तिची डोकेदुखी खरंच थांबली. त्या आठवड्यात तिनं त्याचं इतकं कौतुक केलं की तो लाजला.

त्यानंतर नणंदेचा फोन आला होता. नणंद शाळेत शिकवायची, आणि बोलायला लागली की समोरच्याला श्वास घ्यायची सोय नसे. लहानपणापासून तिला सगळे ठकीच म्हणत.

"वहिनी, खडू खाऊन खाऊन खोकला झालाय. छातीचा फोटो काढलाय, पाठवते. तू असताना बाहेर कोणाला दाखवू? काखेत कळसा आणि गावाला वळसा!"

फोन कानाला होता, ठकी मुख्याध्यापकांची नक्कल करत होती, आणि फोटो टपालातून उघडला तो डावीकडेच. नीट मावलेला, स्वच्छ, अक्षरं वाचता येतील अशी. तो उचलून न्यायला हात गेलाच नाही. हसता हसता तिनं बघितलं आणि हसता हसताच लिहिलं.

आता तिला भीती वाटत होती. ठकीसाठी वाटायला हवी होती, पण आधी वाटली ती स्वतःसाठी, आणि हे कळून तिला स्वतःची किळस आली.

जिन्यावर पावलं वाजली. नवरा दुकानातून भरदुपारी वर येत नसे. तो आला आणि दारातच उभा राहिला.

"ठकीचा फोन होता. छातीच्या डॉक्टरांनी बसवून घेतलं म्हणाली. चांगलं नाहीये, असं सरळ सांगितलं तिला."

"सकाळी आला फोटो माझ्याकडे. बघितला मी."

"मला सांगितलं नाहीस?"

"कसं सांगू, ते सुचत नव्हतं."

तो स्टुलावर बसला.

"मागच्या वर्षी तूच बघितला होतास ना तिचा?"

"हो."

"दाखव मला."

फोटो त्या क्षणी उजव्या स्क्रीनवर होता. तो चष्मा पुसत होता तेवढ्यात तिनं खिडकी धरली आणि डावीकडे सरकवली. अगदी सहज, टेबलावरचा कप बाजूला करावा तशी. खरं काय ते सांगायचं म्हटलं तर त्याचं एकसारखं करणंही सांगावं लागणार. मग तो आयुष्यभर दुकानात बसून लोकांना 'हे बरं की हे?' कोणत्या तोंडानं विचारेल? आपलेच दात, आपलेच ओठ. हे त्याच्यासाठी करतोय, असं तिनं स्वतःला सांगितलं. ते अर्धंच खरं होतं.

"कुठं आलंय आता?"

तिनं बोट ठेवलं. तो स्क्रीनला नाक लागेल इतका जवळ गेला.

"इथं? इथं तर काहीच नाही."

तिनं बोट मागं घेतलं.

"म्हणजे तेव्हा नव्हतंच." त्यानं सोडलेला श्वास तिच्या हाताला लागला. "जिना चढताना माझ्या मनात काय काय आलं. माफ कर मला."

त्यानं माफी मागायला नको होती. ती एकच गोष्ट तिला सोसली नाही. तिनं मान वळवली. ठकीसाठी रडतेय असं समजून तो तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. मग त्यानं बहिणीला फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"ठके, मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. मागच्या वर्षी काही नव्हतं गं."

"ते मला तुझ्याकडून कळायला हवंय होय?" ठकीचा आवाज खोकल्यानं फाटला होता, पण तोरा तोच होता. "मी डॉक्टरांना ठणकावून सांगितलं, आमच्या वहिनीच्या नजरेतून काही सुटत नाही. वहिनी, आहेस ना तिथं?"

"आहे."

"त्यांना जुना फोटो हवाय, नव्याशेजारी लावून बघायचाय म्हणे. लगेच पाठवशील? मी इथंच बसलेय त्यांच्यासमोर."

"पाठवते."

"रडत नाहीयेस ना? रडू नकोस बाई. मी अजून कुठं रडलेय?"

फोन बंद झाला. नवऱ्यानं स्टूल तिच्या जवळ ओढलं.

"पाठवून टाक. त्यांच्याकडं तर तुझ्यापेक्षा भारी स्क्रीन असतील. बघू देत त्यांनाही."

तिनं टपाल उघडलं. पत्ता घातला, फोटो जोडला. खाली काहीतरी लिहायचं म्हणून बोटं क्षणभर थांबली, पण लिहिलं काहीच नाही. तिनं तसंच पाठवलं.

"गेला?"

"गेला."

"चल मग खाली. दुकान उघडं टाकून आलोय. तू एकटी नको बसूस इथं."

"तू हो पुढे. त्यांचा फोन येईल."

"आता आणि कशाला करतील ते?" तो उठता उठता म्हणाला.

"करतील," ती म्हणाली, आणि टेबलावरचा तिचा फोन त्याच्या बाजूला होता तो आपल्याकडे ओढून घेतला.