घासून उजळविलेला तवा

मी एक जुना बिडाचा तवा आहे. मित्रांनो, ओतकामाच्या कारखान्यात, वाळूच्या साच्यातून मी बाहेर पडलो तेव्हा करडा व खरबरीत होतो. एका शिंप्याने मला घरी नेले. त्याच्या पत्नीने वर्षानुवर्षे तेल चोळून व तापवून माझ्या अंगावर काळाभोर, गुळगुळीत थर चढविला. त्या थरामुळे कोणताही पदार्थ मला चिकटत नसे.

दरवर्षी हे दांपत्य तळ्याकाठी तंबू ठोकून राहत असे. तेथे ती माझ्यावर बटाट्याच्या चकत्या पसरून त्यांवर लसूण, मिरपूड व तिखट भुरभुरवी. शेजारच्या तंबूंतील माणसे वासानेच गोळा होत. "वहिनी, नवऱ्याला राहू द्या, या तव्याची दृष्ट काढा!" असे म्हणत. मी मनोमन फुलून जाई.

परंतु सुखाला दृष्ट लागलीच. ती दीर्घकाळ आजारी पडली व तिची अन्नावरची वासनाच उडाली. डॉक्टरांनी निक्षून सांगितले, "उद्यापर्यंत पोटात काही गेलं नाही, तर नाकातून नळी घालावी लागेल." शिंप्याने हात जोडले. "एकदा तळ्याकाठी नेतो, साहेब. तिथले बटाटे ती नाही म्हणायची नाही."

त्याच दिवशी तळ्याकाठी तंबू पडला. सोबत तिचा धाकटा भाऊ आला. ताईसाठी काय करू नि काय नको, असे त्याला झाले होते. त्याने मला तळ्यावर नेले आणि साबण व तारेच्या घासणीने खरवडून काढले.

"दाजी, बघा, तव्याचा आरसा केला! केवढी काजळी साचली होती!"

"शाबास रे!" शिंपी म्हणाला. बिचाऱ्याला सुईदोऱ्यापलीकडे काय ठाऊक!

मित्रांनो, मी आक्रोश केला. पण लोखंडाला वाचा नसते.

पहिल्या चकत्या चिकटल्या. दुसऱ्या करपल्या.

"दाजी, तेल घाला अजून!"

"घातलंय की रे! तू आधी जाळ कमी कर!"

अखेरचा बटाटा उरला. शिंप्याने एकेक चकती जपून पसरली. "आता हे बिघडलं तर संपलंच रे सगळं." मी सर्व शक्तीनिशी त्या चकत्या सोडू पाहत होतो, परंतु त्या सुटेनात. काळा धूर उठला. शिंपी डोके धरून मटकन खाली बसला.

धुराने खोकत ती तंबूबाहेर आली. खांब धरून तिने माझ्याकडे पाहिले.

"माझा तवा कुणी घासला?"

"मी, ताई. स्वच्छ केला."

"अरे शहाण्या, त्याची कातडी सोलून वर स्वच्छ म्हणतोस? सरका दोघंही!"

ती माझ्यापुढे बसली. संतापाने तिने उलथन्याने एक खरपूड उचकटली व रांधणाऱ्या बाईच्या सवयीने, नकळत, जिभेवर ठेवली. शिंप्याने श्वास रोखला. ती चावू लागली. तिच्या कपाळावर आठी पडली.

"मीठ कुठाय यात?"

शिंपी मिठासाठी धावला, तो रडतच. तिने मला खरवडून खरवडून ते बटाटे खाल्ले. निम्मे करपलेले, निम्मे कच्चे.

बालमित्रांनो, बिडाच्या तव्याला साबण व तार लावू नका. कोमट असता पुसा, तेलाचा हात फिरवा. प्रेमापोटी कोणाची सेवा कराल, तर त्याला काय हवे ते आधी जाणून घ्या. हल्ली ती मला रोज तेल चोळते व मी पुन्हा काळा होत आहे. कृपा करून मला कोणी उजळवू नये, एवढीच माझी हात जोडून विनंती.