रुसलेला व्याही

सोमवारच्या फोटोत फुप्फुस उघडलेलं दिसलं नाही तर ऑपरेशन करावं लागेल, असं डॉक्टरबाईंनी गुरुवारी सांगितलं आणि नानासाहेबांनी त्याच संध्याकाळी गुलमंडीच्या बाजारातून दोन डझन फुगे आणले.

नात सात वर्षांची. नाव गोदावरी, हाक गोदा. निमोनिया होऊन छातीत पू झाला होता. तो काढायला बरगड्यांमधून एक नळी घातलेली, नळीचं टोक पाण्याच्या बाटलीत. जोरात फुंकर मारली की बाटलीत बुडबुडे यायचे. म्हणजे फुप्फुस उघडायला लागलं, असं समजायचं. औषध एवढंच : फुंकत राहणं.

"फुगव," नानासाहेब म्हणाले.

"दुखतंय."

"दुखू दे. फुगव."

गंगापूरकडं नानासाहेबांनी नुसतं खाकरलं तरी भांडणारे भाऊ गळ्यात पडायचे. पण फुप्फुस त्यांच्या गावचं नव्हतं. मग कसं फुगवायचं ते दाखवायला त्यांनी स्वतः एक फुगा फुगवला. मग दुसरा. शनिवारपर्यंत चोवीस फुगे संपले आणि नानासाहेबांचा जुना दमा पार पळाला. बाटलीतलं पाणी मात्र तळ्यासारखं शांत.

शेजारच्या खाटेवर उस्मानपुऱ्याची नजमा होती. वय नऊ, मांडीचं हाड मोडलेलं, पाय वजनं लावून वर टांगलेला. अशा अवस्थेत माणूस काय करणार? ती लग्नं जमवायची. सध्याची नवरी कापसाची, बँडेज नेसलेली. नवरदेव म्हणजे सलाईनची रिकामी बाटली. अंगात काही नसलं तरी उंचापुरा होता, आणि वॉर्डात त्याच्या भाऊबंदांची कमी नव्हती.

"नानाजी, तुमी नवरदेवाचे अब्बा," नजमानं जाहीर केलं. "तुमच्याकडंच फेटा हाय."

"मला पोरखेळाला वेळ नाय."

"बसा हो नाना," गोदा म्हणाली. तीन दिवसांत ती पहिल्यांदाच आपणहून बोलली होती. नानासाहेब बसले.

लग्न लागलं. अक्षता म्हणून मुरमुरे पडले. मग आहेर निघाले, गॉजच्या पट्टीचा टॉवेल अन् कागदाची टोपी. हाताला प्लास्टर घातलेल्या, नवरीचा मामा झालेल्या पोराला मिळाला, झाडू मारायला आलेल्या सरूबाईंना मिळाला, पेशंट बघायला आलेल्या आणि कुणाच्याच नसलेल्या एका गृहस्थांना मिळाला. नवरदेवाच्या बापाला मिळाला नाही. पट्टी संपली होती.

नानासाहेब उठले, फेटा सारखा केला आणि व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. आपण रुसलोय हे त्यांना कळलंही नाही. पन्नास वर्षं लग्नांत रुसलेला माणूस; आहेर चुकला की पाय आपोआप निघायचे.

आत एकच कल्लोळ. "व्याही रुसला! व्याही रुसला!"

रुसलेल्या व्याह्याला कसं आणतात हे मराठवाड्यातल्या पोरांना शिकवावं लागत नाही. वाजतगाजत आणतात. वाद्य एकच होतं, नजमाच्या उशीखालची पिपाणी. पोरांत हातपाय धड असलेली पण एकच होती. गोदा एका हातात बाटली आणि एका हातात पिपाणी घेऊन निघाली.

व्हरांड्यात नानासाहेबांना आधी बारीक, चिरका आवाज ऐकू आला. त्यांनी वळून पाहिलं. बाटलीत बुडबुडे उठत होते.

डॉक्टरबाईंनी ते पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "नानासाहेब, दिवसातून चार वेळा रुसा. जेवणानंतर रुसलं तरी चालेल."

रविवारी सकाळी नानासाहेब वेळेवर रुसले. गोदा आली, पिपाणी ओठाला लावली आणि खाली घेतली.

"वाजव ना."

"तुम्ही रुसला नाय."

"रुसलोय की."

"रुसलेला माणूस बाटलीकडं बघतो व्हय?"

नानासाहेब खरंच बघत होते. सकाळपासून त्यांना दुसरं काही दिसतच नव्हतं. बाटली, सोमवार, बाटली. पोरीच्या चेहऱ्याकडं त्यांनी किती दिवसांत नीट पाहिलं नव्हतं, कोण जाणे. फुगे आणले तेही तिच्यासाठी नव्हतेच; ते फुप्फुसासाठी होते.

"मग काय करू?"

"तोंड फिरवा. अन् खरं रुसा."

त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. बाटलीकडं पाठ करणं म्हणजे काय, हे ज्याचं त्याला माहीत. मग त्यांनी रुसायला कारण शोधलं. कालच्या लग्नाच्या पंगतीत बिस्किटाचा पुडा आधी मामापुढं ठेवला होता. बापाच्या आधी मामा! ही कुठली रीत? आठवता आठवता त्यांचे कान तापले. "आमाला कुणी विचारतंय का?" ते भिंतीला म्हणाले. "सोयरीकच मोडतो!"

मागं पिपाणी वाजली. थांबली. खोकला आला, मग हुंदका. मग काहीच नाही.

नानासाहेबांनी मान फिरवली नाही. व्याही असा फिरत नसतो.

"आणखी जोरात वाजवल्याबिगर येणार नाय म्हणावं," ते म्हणाले.

पिपाणी पुन्हा वाजली. लांब, बेसूर, कावळे उडून जातील अशी. मामा आणायला आला, सरूबाई आल्या; नानासाहेब तीनदा नाही म्हणाले, चौथ्यांदा निघाले. दुपारी रुसले, संध्याकाळी दोनदा. बाटलीत काय झालं, हे त्यांना ठाऊक नाही.

सोमवारी डॉक्टरबाईंनी फोटो खिडकीपुढं धरला. "हे काळं दिसतंय ना, ती हवा. पार खालपर्यंत गेलीय. ऑपरेशन नाही. उद्या नळी काढू."

नानासाहेबांनी त्या काळ्या रंगाकडं खूप वेळ पाहिलं. मग गोदाला दाखवायला वॉर्डात आले. गोदानं ढुंकूनही पाहिलं नाही. तिला घाई होती. नवरीची पाठवणी चालली होती.

कापसाची नवरी सलाईनच्या बाटलीबरोबर खाटेवरून खुर्चीवर, म्हणजे सासरी, निघाली. आणि नवरदेवाचा बाप हमसून हमसून रडायला लागला.

"नानाजी," नजमा कडक आवाजात म्हणाली, "तुमी मुलाकडचे. मुलाकडचे रडत नसतेत."

नानासाहेबांना थांबता येईना.

गोदानं थोडा विचार केला. मग तिनं त्यांचं बोट धरून त्यांना खाटेच्या दुसऱ्या अंगाला नेलं, मुलीकडच्या माणसांत उभं केलं आणि म्हणाली, "आता रडा."